ताई, तुझ्या पहिल्या हंगामाबद्दल

चि. ताईस,
अनेक आशीर्वाद.

तू मैत्रिणींबरोबर कोकणात गेलीस ते बरं झालं. गेल्या एप्रिलपासून तुला सलग सुट्टी अशी मिळालीच नाही. इकडची काळजी करू नकोस. खालच्या प्लॉटचा शेवटचा माल गेला, हिशेब पूर्ण झाला, बाग विसाव्याला सोडली आहे.

पत्र लिहायचं कारण असं, की घरी आपण दोघं बोलायला बसलो की दोन मिनिटांत गाडी फवारणीवर नाहीतर मजुरांवर येते, आणि वर्षभराचं मनातलं तसंच राहतं. पाडवा झाला, नव्या काड्यांसाठी वेल मागे छाटतात त्या खरड छाटणीला अजून थोडा अवकाश आहे. द्राक्षवाल्याचं वर्ष इथेच संपतं आणि इथूनच सुरू होतं, म्हणून आत्ताच लिहितो.

बी.एस्सी. अ‍ॅग्री करून कंपनीची नोकरी समोर असताना तू बाग बघायचं ठरवलंस, तेव्हा मला आनंद झाला तसा घोरही लागला. निफाड-दिंडोरीकडे गेल्या काही वर्षांत सरळ हंगाम कुणाला मिळालाय? नोव्हेंबर 2023 ची गारपीट तू डोळ्यांनी पाहिली होतीस. मणी फुटलेले, पानांच्या चिंध्या, वेलीच्या ओलांड्यावर गारांचे घाव. ते पाहूनही तू यायचं म्हणालीस.

आणि पहिल्याच वर्षी तुझ्या वाट्याला काय आलं! एप्रिलमध्ये खरड छाटणी व्यवस्थित झाली, फुटी एकसारख्या निघाल्या, शेंडा खुडून बाजूच्या काड्या, म्हणजे सबकेनही वेळेवर केल्या. नेमकं ज्या दिवसांत काडीच्या डोळ्यांत घड तयार होतो, त्याच दिवसांत मे महिनाभर पाऊस. 2025 चा मान्सून 25 मे रोजीच महाराष्ट्रात आला, त्याच्या आधीपासून वळवाने झोडपलं होतंच. डोळ्यांत घड बसायला कडक ऊन लागतं, आणि सूर्य दिसायची मारामार. वेल बाहेरून हिरवीगार, काडी जाडजूड, बघणाऱ्याला वाटावं काय बाग आहे. आत डोळे रिकामे. घडाच्या जागी नुसती बाळी, म्हणजे वेलीचा ताणा निघणार, हे घडांसाठीच्या ऑक्टोबर छाटणीपर्यंत कळतच नाही.

तू ते आधी कळून घेतलंस. सप्टेंबरमध्ये छाटायला राहिलेल्या प्रत्येक प्लॉटच्या काड्या कापून, ओल्या गोणपाटात गुंडाळून तपासणीला नेल्यास. डोळा चिरून सूक्ष्मदर्शकाखाली घड दिसतो का ते बघतात, तो रिपोर्ट घेऊन संध्याकाळी ओट्यावर बसलीस. सहाव्या डोळ्यापर्यंत जवळजवळ काही नाही, थोडेफार घड सातव्या-आठव्याला. आपण वर्षानुवर्षं ज्या हिशेबाने छाटत आलो, त्यापेक्षा काडी लांब ठेवायला लागणार होती. मुकादमाला ते पटेना. "ताई, एवढी लांब काडी ठेवली तर मांडवावर गर्दी होईल," असं तो म्हणाला, आणि त्याच्या जागी त्याचं खरंच होतं. तू वाद घातला नाहीस. एक काडी हातात घेतलीस, तळापासून डोळे मोजत गेलीस, आठव्याच्या पुढे मार्करने रेघ मारलीस आणि ती काडी पहिल्या ओळीच्या तारेला बांधलीस. म्हणालीस, "हिच्याकडे बघून कापा." टोळीतल्या बायका दिवसभर तिच्याकडे बघून कात्री चालवत होत्या.

घड कमीच निघाले. पण निघाले. आपल्या शिवारात कितीतरी प्लॉट असे होते, की मांडवाखालून चालत गेलं तर डोक्याला एक घड लागत नव्हता. औषधं, खतं, मजुरी सगळं तेवढंच करायचं आणि विकायला काही नाही. त्या घरांचं दुःख मोठं आहे, म्हणून आपल्याला मिळालं त्याचा गाजावाजा मी केला नाही. पण तुला सांगायचं राहू नये. ती बाग तुझ्या त्या काडीने वाचवली.

आता वरच्या प्लॉटबद्दल. तू हिशेबाच्या वहीत त्या पानावर लिहिलंयस, "लवकर छाटणी. निर्णय माझा." पुढे खर्चाची बेरीज आणि उत्पन्नाच्या रकान्यात शून्य. ते पान मी वाचलं आणि खूप वेळ पुढचं पान उलटलं नाही.

तो निर्णय चुकीचा होता असं मी मानत नाही. हंगामाआधी येणाऱ्या आगाप मालाला भाव असतो, एकच प्लॉट लवकर धरून बाकीचे मागे ठेवायचे, यात धोका वाटून जातो. जाणते बागाईतदार हेच करतात. सप्टेंबरच्या अखेरीला तसा पाऊस कोसळेल, तोही घड बाहेर पडून फुलोऱ्याच्या तोंडावर असताना, याला कुणाचा इलाज नव्हता. ट्रॅक्टर चिखलात रुतला, तर तू पाइप ओढून गनने फवारलंस. पाऊस उघडला तेवढ्या वेळात धुरळणी केलीस. रात्री बॅटरी लावून पानाची खालची बाजू बघत फिरलीस. पानावर तेलकट डाग दिसला तेव्हा डाउनी हा बुरशीचा रोग आधीच घडात शिरला होता.

ते घड काढायचा दिवस माझ्या लक्षात आहे. तुला म्हणालो होतो, तू घरी थांब, मी बघतो. तू आलीस. एक घड तळहातावर घेतलास, दांडा तपकिरी पडलेला, कळ्या हात लावताच गळत होत्या. तू तो खिशात ठेवलास. दिवसभर बायकांच्या बरोबरीने घड काढून खड्ड्यात टाकलेस, संध्याकाळी सगळ्यांची मजुरी रोख दिलीस आणि मगच घरी येऊन आईच्या मांडीवर डोकं ठेवून रडलीस. मी पडवीत होतो. आत आलो नाही, कारण त्या वेळी तुला आईच हवी होती.

ताई, माझ्या आयुष्यात मी पुष्कळ शेतकरी पाहिले. नुकसान झालं की माणूस हवामानाला, औषधाच्या दुकानदाराला, मजुरांना, घरच्यांना बोल लावतो. तू कुणालाच लावला नाहीस, आणि आठवडाभरात खालच्या प्लॉटच्या छाटणीचं नियोजन घेऊन बसलीस. मला तुझा अभिमान वाटतो तो या गोष्टीचा सगळ्यात जास्त.

फवारणीची वही तू रोज लिहिलीस तेही मला फार आवडलं. कोणतं औषध, किती मात्रा, काढणीआधी किती दिवस थांबायचं, सगळं तारखेनिशी. 2010 साली लिहोसिन या वेलीची वाढ रोखणाऱ्या औषधाच्या अंशांमुळे युरोपात आपल्याकडची द्राक्षं अडकली, तेव्हा भल्याभल्यांची झोप उडाली होती. माल थोडा का होईना, आपला नमुना पास झाला तो त्या वहीमुळे. आणि व्यापाऱ्याच्या बाबतीत तू ठाम राहिलीस. "ताई, निम्मे आत्ता, निम्मे आठ दिवसांनी," म्हणणाऱ्याला तू क्रेट भरू दिले नाहीस. दोन रुपये कमी देणाऱ्याला रोखीने माल दिलास. आपल्या तालुक्यात माल नेऊन फोन बंद करणारे थोडे नाहीत, हे तू एका हंगामात ओळखलंस.

एका बाबतीत मात्र मी रागावणार आहे. छाटणीनंतर डोळे फुटायला पेस्ट लावताना तुझा हातमोजा फाटलेला होता आणि तू तशीच काम करत राहिलीस. त्यातलं हायड्रोजन सायनामाइड ही खेळायची वस्तू नाही. कातडी भाजते, डोळ्यांत गेलं तर काय होईल सांगता येत नाही. यंदा नवीन हातमोजे, चष्मा, मास्क तुझ्यासाठी आणि टोळीतल्या प्रत्येकासाठी आधी येतील, मगच औषध येईल. वजनही उतरलंय तुझं. दुपारचं जेवण बागेत उभ्याने उरकायचं नाही, घरी येऊन बसून जेवायचं. ही माझी अट समज.

मामांनी परवा पुन्हा विचारलं, पोरीला नोकरी कधी लावताय म्हणून. मी त्यांना म्हटलं, मुकादम आता छाटणीची तारीख विचारायला मला फोन करत नाही, तिला करतो. त्यावर ते काही बोलले नाहीत.

वरच्या प्लॉटचं काय करायचं ते आल्यावर ठरवू. तू प्लॅस्टिक आच्छादनाचं म्हणाली होतीस. एकरी खर्च मोठा आहे आणि सोसायटीचं कर्ज डोक्यावर आहे, त्यामुळे सगळ्या बागेवर लगेच जमणार नाही. तेवढ्या एका प्लॉटवर मात्र करून बघावं असं मलाही वाटायला लागलंय. अनुदानाचे कागद मी आणून ठेवले आहेत, तू वाचून घे. वेल जुनी आहे, आधी बाग काढून नवी लावायची की याच वेलींवर आच्छादन टाकायचं, याचा अंदाज तुला माझ्याहून चांगला येईल. शेवटचा शब्द तुझा राहील.

आईने कोकम आणि कुळथाचं पीठ आणायला सांगितलं आहे. घाई करू नकोस, दोन दिवस जास्त राहिलीस तरी चालेल. समुद्रात जपून जा.

तुझे,
पप्पा