नहरीचे पाणी आणि मुरूम

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

वारसा जतनासाठी निधी मागितला की आपल्याकडे ठरलेला टोमणा येतो : 'आधी नळाला पाणी द्या, मग जुन्या दगडांचे लाड करा.' पुढचे पाणी कोणत्या वारी सुटणार हे भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवणाऱ्या घरातली मी बाई. मला तो टोमणा उगाचचा वाटत नाही. पण छत्रपती संभाजीनगरात तो लागू पडत नाही, कारण इथे जुने दगड म्हणजेच पाणीपुरवठा आहे!

मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी, म्हणजे आजचे आमचे शहर, वसवली आणि काही वर्षांतच नहर-ए-अंबरी आणली. उत्तरेच्या डोंगराकडचा झिरपा जमिनीखाली गोळा करायचा, उताराने शहरात आणायचा, वाटेत चिरेबंदी मनोऱ्यांत स्वतःच्याच दाबाने वर चढू द्यायचा आणि पुढे सोडायचा. ना मोटार, ना वीजबिल. पुढे अशा आणखी नहरी झाल्या. पाणचक्कीत जात्याची पाती फिरवणारे पाणी अशाच नहरीचे. बाबाशाह मुसाफिरांच्या दर्ग्यात येणाऱ्या फकीर-वाटसरूंसाठी तिथे पीठ दळले जाई. आज आम्ही जायकवाडीचे पाणी पंपाने चढावर ओढून आणतो. पैठणकडे वीज गेली की इथे हंडे रिकामे.

आमच्या गल्लीत ड्रेनेजसाठी खोदताना खापराचा जुना नळ फुटला. दोन दिवस स्वच्छ पाणी वाहिले. आम्ही बादल्या लावल्या, धुणी उरकली, शेजारच्या आजी तर 'नहर आली' म्हणून हळद-कुंकू वाहून आल्या. तिसऱ्या दिवशी ठेकेदाराच्या माणसांनी वरून मुरूम टाकून खड्डा बुजवला. खाली काय आहे हे त्यांना कुणी सांगितलेच नव्हते, त्यामुळे त्यांच्यावर तरी किती रागवायचे?

आजच्या एवढ्या वस्तीची तहान नहरी भागवतील, असे मी म्हणत नाही. पिण्याआधी पाणी तपासायलाही हवे. पण बागा, धुणीभांडी, दर्गे-देवळांचे हौद, बांधकामे एवढ्यासाठी ते वापरले तरी तेवढे टँकर वाचतील. शिवाय या कामात पैसा सिमेंट-सळईत कमी आणि हाताच्या मजुरीत जास्त जातो. चुना मळणारा, दगड घडवणारा, जुन्या सांध्यात दरज भरणारा गवंडी आता शोधावा लागतो. इथल्याच पोरांना हे शिकवले, तर शहराच्या दरवाजांपासून वेरूळ-दौलताबादच्या वाटेवरच्या बारवांपर्यंत त्यांना काम पुरेल.

सिकंदराबादेत बन्सीलालपेटची बारव कचऱ्याने पार बुजली होती. ती उपसली, डागडुजी केली आणि २०२२ मध्ये लोकांसाठी खुली केली. कचऱ्याच्या जागी पाणी दिसू लागले, माणसे संध्याकाळी तिथे बसायला येऊ लागली. एका काळी आपण आणि ते एकाच निजामाच्या राज्यात होतो. त्यांना जमले ते आपल्याला जमू नये?

मागणी साधी आहे. नहरींचा नकाशा करून रस्ता खोदणाऱ्या प्रत्येकाच्या हातात आधी द्यावा. आणि आमच्या गल्लीतला तो मुरूम उकरावा. दोन माणसे लागतील आणि एक दिवस.

आपली,
एक वाचक, बेगमपुरा, छत्रपती संभाजीनगर