रुबी नव्हे, एलिझाबेथ

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला, अमेरिकेत गोऱ्यांच्या शाळांत काळ्या मुलांना प्रवेश मिळावा यासाठी झालेल्या लढ्यावरील बालपुस्तकांविषयीचा लेख वाचला. असा विषय घेतलात त्याबद्दल आभार आधीच मानून टाकते, पुढे मानायचे जमेलच असे नाही.

आधी छायाचित्र. डोळ्यांवर काळा चष्मा, छातीशी वही, मागे तोंड वासून ओरडणारी गोरी मुलगी. आणि खाली तुमची ओळ, 'सहा वर्षांची रुबी ब्रिजेस शाळेत जाताना'. अहो, सहा वर्षांची मुलगी एवढी उंच? ती एलिझाबेथ एकफर्ड, वय १५, गाव आर्कान्सा राज्यातले लिटल रॉक, तारीख ४ सप्टेंबर १९५७. रुबी न्यू ऑर्लिन्सची, १४ नोव्हेंबर १९६०. मध्ये तीन वर्षे गेली. रुबीच्या सोबत सरकारी मार्शल होते, एलिझाबेथच्या सोबत कोणी नव्हते. न्यू ऑर्लिन्समध्ये त्याच दिवशी दुसऱ्या एका शाळेत आणखी तीन मुली गेल्या होत्या, त्यांचा लेखात उल्लेखही नाही. पण चित्रकार नॉर्मन रॉकवेलने चित्र काढले ते रुबीचे, त्यांचे नाही, मग तुमच्या लेखकाला तरी का बोल लावायचा!

हे एक वेळ चालेल. उपसंपादकांवर कामाचा ताण असतो म्हणतात. माझी तक्रार निराळी आहे. लेखात लिहिले आहे की एलिझाबेथने 'एकटीने जाण्याचा निर्धार केला'. तिने असा काही निर्धार केला नव्हता. लिटल रॉकच्या सेंट्रल हायस्कूलमध्ये प्रवेश मिळालेली काळी मुले नऊ होती. त्यांनी ठरल्या जागी जमून एकत्र जायचे, असा निरोप या मुलांच्या पाठीशी उभ्या असलेल्या तिथल्या कार्यकर्त्या डेझी बेट्स यांनी आदल्या रात्री घरोघरी फोनवरून दिला. एकफर्डांकडे फोन नव्हता. सकाळी कळवू, असे बेट्सबाईंच्या मनात होते. सकाळच्या धांदलीत ते राहून गेले. मुलगी घरी शिवलेला झगा घालून बसने गेली, शाळेपाशी गव्हर्नरने उभ्या केलेल्या बंदूकधारी शिपायांनी तिला आत सोडले नाही आणि मागे जमाव लागला. बसथांब्याच्या बाकापर्यंत ती तशीच चालत गेली.

एवढी गोष्ट एका टेलिफोनपायी घडली आणि तुमच्या लेखात टेलिफोनच नाही!

माझा इतका जीव का जळतो ते सांगते. मी ३१ वर्षे शाळेत शिकवले. १९९३ साली आमची सातवीची सहल होती. गाडी सातला निघायची होती ती पाचला निघणार, असे आदल्या संध्याकाळी कळले. फोनवरून निरोप द्यायचे काम माझ्याकडे. एका मुलीच्या नावापुढे शेजाऱ्यांचा पी. पी. नंबर होता. दोनदा लावला, कोणी उचलला नाही. म्हटले, उजाडायच्या आत शिपायाला पाठवू. आणि विसरले. गाडीत बसल्यावर हजेरी घेताना आठवले, तेव्हा गाडी घाटात होती. ती सातला डबा घेऊन फाटकाशी आली होती, साडेआठपर्यंत उभी होती, असे शिपायाने मला दुसऱ्या दिवशी सांगितले. ती स्वतः काहीच बोलली नाही. सहलीचे पैसे परत केले तेव्हा 'थँक्यू बाई' म्हणाली.

पुढे अमेरिकेतून लेकीने पाठवलेले एक चित्रपुस्तक मी पाचवीच्या वर्गात मराठीत करून सांगितले. त्यात फोनची गोष्ट एका ओळीत उरकली होती, मी ती दहा मिनिटे सांगितली. जमाव, गव्हर्नर, सैन्य हे सगळे मुलांनी सिनेमासारखे ऐकले. काळ्या मुलांना आत घ्यावे लागू नये म्हणून पुढच्या वर्षी राज्याचे गव्हर्नर फॉबस यांनी तिथली हायस्कुले वर्षभर बंदच ठेवली, हे ऐकून तर मागच्या बाकावरून 'वर्षभर सुट्टी?' असा आनंदी आवाज आला. पण फोनपाशी वर्ग गप्प झाला. मग एकाने विचारले, 'त्या बाई नंतर तिला सॉरी म्हणाल्या का?' मी म्हटले, घंटा झाली. झाली नव्हती.

आणखी एक. छायाचित्रात ओरडणारी ती गोरी मुलगी, हेझल ब्रायन, हीसुद्धा १५ वर्षांचीच. 'अखेर दोघी जिवलग मैत्रिणी झाल्या' असा गोड शेवट लेखाने करून टाकला आहे. हेझलने काही वर्षांनी माफी मागितली, तीही फोनवरून. १९९७ साली दोघींचा शाळेसमोर एकत्र फोटो निघाला, थोडी वर्षे येणे-जाणे होते, आणि मग ती मैत्री तुटली. मुलांना हे सांगायला काय हरकत आहे? त्यांच्या मैत्र्या मधल्या सुट्टीत तुटतात.

छायाचित्राखालच्या ओळीची दुरुस्ती कृपया छापावी. पान सातवर तळाशी, कोणाच्या नजरेस पडणार नाही अशा टाइपात नको, पुरवणीतच छापावी.

कळावे,
एक निवृत्त शिक्षिका, सातारा

ता. क. : लेखात सहा पुस्तकांची नावे आहेत, किंमत किती, कुठे मिळतील, याचा पत्ता नाही. बालपुरवणीची पाने चारची दोन झाली, त्यातले अर्धे गृहप्रकल्पाच्या जाहिरातीने खाल्ले आहे. तिच्यात मात्र तीन-तीन फोन नंबर आहेत.