यादीत नाव आले, पण काम कोणते?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

स्टॅनफोर्डच्या ‘जगातील अव्वल दोन टक्के शास्त्रज्ञां’ची यादी आली की आपल्याकडे दरवर्षी ठरलेली बातमी छापून येते: अमुक महाविद्यालयाचे तमुक प्राध्यापक यादीत, इतके शोधनिबंध, इतके सायटेशन (म्हणजे इतरांच्या निबंधांत आलेले उल्लेख), एच-इंडेक्स (निबंध आणि सायटेशन यांवरून काढलेला अंक) इतका. त्यांनी शोधले काय, याची मात्र एक ओळ नसते. माझी सारी नोकरी जैवतंत्रज्ञान शिकवण्यात गेली. त्यामुळे ही उणीव मला फार खटकते.

नॅनोकण (डोळ्यांना न दिसणारे अतिसूक्ष्म कण) आणि पेशी या माझ्याच विषयातले उदाहरण देते. राफाएल लेव्ही हे फ्रेंच संशोधक बरीच वर्षे लिव्हरपूल विद्यापीठात होते. सोन्याच्या नॅनोकणांचे द्रावण सुंदर माणिकलाल असते, पण त्यात मीठ पडले की कण एकमेकांना चिकटतात आणि रंग निळसर होतो. प्रात्यक्षिकात हे पाहताना मुले हमखास पुढे सरकतात. पेशीच्या भोवतीही क्षार असतातच, म्हणजे तिथेही हीच अडचण. २००४ साली लेव्ही आणि सहकाऱ्यांनी पाच अमिनो आम्लांचे एक छोटे पेप्टाइड (प्रथिनासारखीच, पण आखूड साखळी) तयार केले. ते कणांवर चढवले की कण मिठातही टिकतात. हे काम पुढे अनेकांच्या उपयोगी पडले.

त्याच वर्षी अमेरिकेतील एमआयटीच्या फ्रान्चेस्को स्टेलाची यांच्या गटाने लिहिले की, दोन प्रकारचे रेणू चढवले तर सोन्याच्या कणावर त्यांचे पट्टे तयार होतात. २००८ मध्ये त्यांनी पुढचा दावा केला: असे पट्टेदार कण पेशीपटलातून थेट आत जातात. याचे महत्त्व कॉन्फोकल सूक्ष्मदर्शकाखाली (हा पेशीच्या आतले थर वेगवेगळे दाखवतो) पेशी पाहिलेल्या कोणालाही कळेल. बहुतेक नॅनोकण आत गेल्यावर केंद्रकाभोवती ठिपक्या-ठिपक्यांनी दिसतात, कारण पेशीने त्यांना पिशव्यांत कोंडलेले असते. औषध तिथेच अडकते. पट्टे ही अडचण दूर करत असतील, तर ती मोठीच गोष्ट.

लेव्ही यांनी मूळ प्रतिमा बारकाईने पाहिल्या. त्यांचे म्हणणे असे की, ते पट्टे कणांवरचे नसून स्कॅनिंग टनेलिंग मायक्रोस्कोपची (पृष्ठभागावरून सूक्ष्म सुई फिरवून चित्र घेणाऱ्या उपकरणाची) सुई फिरताना उमटलेला दोष आहे. हा आक्षेप छापून यायला तीन वर्षे लागली. २०१२ मध्ये ‘स्मॉल’ या नियतकालिकाने तो घेतला. २०१४ मध्ये नॉटिंगहॅमच्या फिलिप मोरियार्टी यांच्या गटाने लेव्हींसोबत मूळ आकडेवारीची छाननी केली आणि पट्ट्यांचा पुरावा टिकत नाही असे मांडले. स्टेलाची यांना हे मान्य नाही, त्यांनी पट्ट्यांच्या बाजूने आणखी निबंध प्रसिद्ध केले आहेत. कोण बरोबर, याचा निवाडा मी या पत्रात करणार नाही. पण यादीच्या हिशेबात काय होते ते पाहा. इतक्या वर्षांच्या तपासणीचा तो निबंध म्हणजे फक्त एक निबंध. वर मूळ दावा खोडण्यासाठी मूळ निबंधाचा उल्लेख केला, तर तो उल्लेखही त्या मूळ निबंधाच्याच सायटेशनमध्ये जमा होतो!

आपल्याकडे वनस्पतींच्या अर्कापासून चांदीचे नॅनोकण करणारे निबंध भरमसाट निघतात. माझ्या एका विद्यार्थिनीने असाच एक छापील प्रयोग पुन्हा केला. कर्करोगाच्या पेशी किती मेल्या हे एमटीटी चाचणीच्या (हिच्यात जिवंत पेशी रंग तयार करतात) रंगावरून मोजायचे होते. तिने शहाणपणाने पेशी न घालता नुसते कण घालूनही रीडिंग घेतले, तर तिथेही आकडा आला. कणांचा स्वतःचा रंग मोजणीत मिसळत होता. तो वजा केल्यावर छापील आकडे टिकले नाहीत. एका नियतकालिकाने ‘यात नवीन काही नाही’ म्हणून तिचा लेख परत केला. तिच्या प्रबंधात ती पाने पडून आहेत. नोकरीच्या मुलाखतीत त्या पानांना शून्य गुण मिळाले, आणि त्याची मला आजही चीड येते. त्या वर्षी आमच्या विभागात तिच्याइतके चोख काम दुसऱ्या कोणी केले नव्हते.

लेव्ही आता पॅरिसमध्ये आहेत. नॅनोजीवशास्त्रातले दावे पुन्हा करून पाहणाऱ्या आणि चुका का दुरुस्त होत नाहीत याचा शोध घेणाऱ्या, त्यांचाही सहभाग असलेल्या प्रकल्पाला युरोपीय संशोधन परिषदेने पैसा दिला आहे. आपल्या विद्यापीठांनी निदान एम.एस्सी.च्या पातळीवर अशा फेरतपासणीला गुण द्यायला काय हरकत आहे?

आणि आपल्या वार्ताहरांना एक विनंती. यादीतल्या प्राध्यापकांना त्यांचा एकच निबंध निवडायला सांगा, त्यात काय सापडले ते साध्या मराठीत विचारा, आणि तो प्रयोग दुसऱ्या कोणत्या प्रयोगशाळेने करून पाहिला का, हेही विचारा. २०२४ पासून याच यादीत मागे घेतलेल्या निबंधांचे आकडेही असतात, तेही छापा. असा मजकूर तपासून द्यायला माझ्यासारखे निवृत्त शिक्षक प्रत्येक जिल्ह्यात सापडतील. सांगलीपुरते ते काम मी करायला तयार आहे.

आपली,
एक निवृत्त प्राध्यापिका (जैवतंत्रज्ञान), सांगली