चिपचा कारखाना आणि गोव्याचा पावसाळा

मा. संपादक,

गोव्यात सेमीकंडक्टर कंपनी आणण्याचा विषय निघाला की बोलणे ‘किती कोटी, किती नोकऱ्या’ यापुढे सरकत नाही. त्यात दोन निराळे धंदे एकाच नावावर खपवले जातात. गुजरातमधील धोलेऱ्याचा टाटांचा ९१,००० कोटींचा प्रकल्प हा फॅब, म्हणजे कोऱ्या वेफरवर (सिलिकॉनच्या पातळ चकतीवर) सर्किट घडवणारा. गुजरातच्याच साणंदचा केन्स कंपनीचा ३,३०० कोटींचा प्रकल्प तयार वेफर कापून, तारा जोडून, तपासून चिप बाहेर काढणारा. फॅबला लागणारे पाणी आणि जमीन पाहता गोव्याने त्याचा नाद सोडलेला बरा. दुसरे काम, म्हणजे पॅकेजिंग-टेस्टिंग (चिपवर कवच चढवणे आणि तपासणे), मात्र गोव्यातल्या तुये किंवा वेर्णे औद्योगिक वसाहतीत बसू शकते, हवा आणि वीज सांभाळली तर.

चिपवर कवच म्हणून चढणारे काळे इपॉक्सी कंपाउंड गोळ्यांच्या रूपात शीतगृहात ठेवतात. ते बाहेर काढून बंद पिशवीतच साधारण २४ तास राहू द्यायचे आणि मग उघडायचे. जुलैत घाईने गार पिशवी फोडली की गोळ्यांवर दव धरते, १७५ अंशांच्या साच्यात त्याची वाफ होते आणि पॅकेजमध्ये पोकळ्या राहतात. तयार चिपचेही तेच. ओलावा सहन करण्याच्या तिसऱ्या श्रेणीतली चिप पिशवीबाहेर ३० अंश आणि ६० टक्के आर्द्रतेत १६८ तासच चालते. त्यापुढे मुरलेले पाणी ग्राहकाच्या रिफ्लो (डाख वितळवणाऱ्या) भट्टीत, २६० अंशांजवळ, पॅकेज तडकवते. १२५ अंशांवर भाजून ओलावा काढता येतो, पण त्यात वेळ जातो. उलट हवा फार कोरडी केली तर स्थिर विजेने चिप मरतात. म्हणजे ४० ते ५५ टक्के आर्द्रतेची पट्टी बारा महिने, रात्रपाळीसकट धरून ठेवायची. शिवाय खाऱ्या वाऱ्यातला क्लोराइड तांब्याची तार आणि ती जिथे जोडतात तो चिपवरचा ॲल्युमिनियमचा पॅड यांचा सांधा कुरतडतो. समुद्राजवळ साध्या धुळीच्या फिल्टरवर भागत नाही, रासायनिक फिल्टर लागतात.

आता वीज. व्होल्टेज अर्धा सेकंद बसले तर घरात दिवा मिणमिणतो, एवढेच. कारखान्यात कवच ओतणारे मोल्डिंग प्रेस मध्येच थांबते, कंपाउंड मिनिटभरात घट्ट होते आणि साच्यातल्या, चिप बसवलेल्या सगळ्या पट्ट्या भंगारात जातात. वेफर कापणारे स्पिंडल मिनिटाला ३०,००० फेऱ्यांनी हवेच्या बेअरिंगवर फिरते. फिरत असताना दाबाची हवा गेली की स्पिंडलच बाद. जनरेटर भार घेईपर्यंत काही सेकंद जातात, तोवर नुकसान झालेले असते. व्होल्टेज बसण्याबाबतच्या ‘सेमी एफ४७’ या उद्योगमानकानुसार यंत्राने निम्म्या व्होल्टेजवर ०.२ सेकंद आणि ७० टक्क्यांवर ०.५ सेकंद तग धरायचा असतो. तारेवर माडाचे झावळे पडले की व्होल्टेज बसण्याचा काळ त्याहून लांबू शकतो. त्यासाठी भूमिगत केबल हवी आणि दोन वेगळ्या उपकेंद्रांतून येणारे फीडर (वीजवाहिन्या) हवेत. एकाच उपकेंद्रातून दोन तारा ओढून ‘दुहेरी पुरवठा’ म्हणणे ही निव्वळ धूळफेक.

एवढे जमले तरी कंपनी लगेच वाढत नाही. गाड्यांसाठी चिप विकायची तर एईसी-क्यू१०० (वाहनांच्या चिपसाठीचे चाचणी-मानक) पात्रता लागते. त्यातल्या एकाच चाचणीत उत्पादनाच्या तीन लॉटमधून प्रत्येकी ७७ नग घेऊन १,००० तास भट्टीत चालू ठेवतात. त्या २३१ पैकी एकही बिघडून चालत नाही. अशा कितीतरी चाचण्या, वर ग्राहकाची मंजुरी. तोवर यंत्रे बसलेली, कर्जाचे हप्ते चालू आणि विक्री नावापुरती. उद्‌घाटनानंतर वर्षभरात नोकऱ्यांचा हिशेब मागणाऱ्या आमदारांनी हे ध्यानात घ्यावे.

आमची मागणी साधी आहे. तुये आणि वेर्णे वसाहतींच्या फीडरवर गेल्या तीन पावसाळ्यांत व्होल्टेज केव्हा, किती आणि किती मिलिसेकंद बसले याची नोंद सरकारने जाहीर करावी. नोंद नसेल तर मोजणारी यंत्रे येत्या जूनपूर्वी बसवावीत. जागा पाहायला येणारा अभियंता सवलतींच्या कागदाआधी हाच तक्ता मागतो.

— इलेक्ट्रॉनिक्स क्षेत्रातील काही अभियंते, वेर्णे