हँडिकॅप ग्लायडर स्पर्धा : नाव देण्याआधी हे तपासा

सभासदहो,

राष्ट्रीय हँडिकॅप स्पर्धेच्या पात्रतेबद्दल रोज तेच प्रश्न येताहेत, म्हणून एकदाच लिहितो. इथला हँडिकॅप, म्हणजे कामगिरी बरोबरीत आणणारा गुणांक, ग्लायडरचा असतो, पायलटचा नव्हे. जुनी आणि नवी ग्लायडर एकत्र लढावीत म्हणून वेगाला त्या त्या मॉडेलच्या गुणांकाने भागतात. १.१० गुणांकवाल्याने ताशी ८८ किमी काढले आणि १.०० वाल्याने ८०, तर दोघे बरोबरीत.

सगळा घोळ होतो तो ग्लायडरमधल्या बदलांमुळे. नंतर विंगलेट (पंखांच्या टोकांना लावलेले छोटे उभे पंख) बसवले असतील तर अर्जात स्पष्ट लिहा, गुणांक त्याने बदलू शकतो. वजन सांगताना पायलट, पॅराशूट, बॅटऱ्या सगळं धरून सांगा. रिकाम्या ग्लायडरचा आकडा कामाचा नाही. क्लब क्लासमध्ये, म्हणजे हँडिकॅप लावून लढणाऱ्या जुन्या ग्लायडरच्या गटात, पाण्याचा बॅलास्ट (वजन वाढवायला टाक्यांत भरलेलं पाणी) चालत नाही. पंखांतल्या टाक्या सगळ्यांच्या लक्षात राहतात, शेपटीतली विसरते. तीही रिकामी करून आणा.

पायलटसाठी: चालू लायसन्स, मेडिकल, क्रीडा परवाना आणि किमान सिल्व्हर बॅज, म्हणजे ५० किमी अंतर, १००० मीटर उंची कमावणं आणि ५ तासांचं उड्डाण. लॉगबुकात पानाखालच्या बेरजा पूर्ण हव्यात. एकदा माझीच बेरीज शाईने पक्की न होता पेन्सिलनेच राहिली होती आणि छाननीच्या टेबलावरून परत फिरलो होतो.

फ्लाइट रेकॉर्डर आयजीसीमान्य (आंतरराष्ट्रीय ग्लायडिंग आयोगाने मान्य केलेला) हवा, कॅलिब्रेशनचा कागद मुदतीतला. विम्याची प्रतही जोडा.

शंका अर्ज भरण्याआधी विचारा. छाननी झाल्यावर माझ्या हातात काही नसतं.

– स्पर्धा समितीसाठी