रोशा तेलाची पूर्ण माहिती छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रानवनस्पतींच्या जंतुनाशक तेलांवरचा आपल्या पुरवणीतील लेख वाचला. सातपुड्यातल्या रोशा गवताची आठवण कुणीतरी ठेवली, याचा आम्हा खानदेशकरांना आनंदच आहे. पण लेखात जे राहून गेले, त्याने वाचकाची दिशाभूल होऊ शकते.

रोशाचे दोन प्रकार आहेत, मोतिया आणि सोफिया. नुसते पाहून ते वेगळे ओळखणे फार अवघड. मोतियाच्या तेलात साधारण ७५ ते ८५ टक्के जिरॅनिऑल हा सुगंधी घटक असतो, त्यामुळे त्याला गुलाबासारखा वास येतो. सोफियात ते बरेच कमी. ब्रिटिश काळात हे तेल मुंबईमार्गे तुर्कस्तानात जाई आणि गुलाबाच्या अत्तरात मिसळले जाई, तेव्हाही भाव मोतियालाच होता. अत्तराच्या व्यापाऱ्यांनी पाळलेला हा फरक आरोग्याच्या लेखात तर पाळलाच पाहिजे. जिरॅनिऑल जिवाणूंच्या पेशीपटलाला इजा करते, म्हणजे गुण त्या घटकाचा आहे. गवत फुलोऱ्यावर असताना कापले की आधी, तेल ताजे की वर्षभर पडून राहिलेले, यानेही फरक पडतो.

जिवाणू वाढवलेल्या बशीत तेलाच्या थेंबाभोवती मोकळे वलय दिसते, ते मी विद्यार्थ्यांना अनेकदा दाखवले आहे. दृश्य खरोखर सुंदर असते. मात्र तेल पाण्यात मिसळत नाही, बशीत नीट पसरत नाही आणि उडून जाते. म्हणून वलयाच्या मापावरून दोन तेलांची तुलना करता येत नाही. जिवाणूंची वाढ थांबवायला कमीत कमी किती तेल लागते, हा आकडा हवा. शिवाय स्यूडोमोनाससारख्या जिवाणूंना बाहेरून जादा आवरण असते, त्यांच्यापुढे बरीच तेले थिटी पडतात.

अँटिऑक्सिडंट, म्हणजे ऑक्सिडीकरण रोखण्याच्या, गुणाचे गणित वेगळेच आहे. ओव्यातले थायमॉल आणि लवंगेतले युजेनॉल हे फिनॉल वर्गातले, ते हायड्रोजन सहज देतात, म्हणून हा गुण मोजण्याच्या डीपीपीएच चाचणीतला जांभळा रंग फिका करतात. जिरॅनिऑल फिनॉल नाही आणि या चाचणीत त्यांच्या मागे राहते. जंतुनाशक आहे म्हणजे अँटिऑक्सिडंटही तितकेच जोरदार, असे लेखातून सूचित होते ते बरोबर नाही.

सर्वात काळजीची गोष्ट म्हणजे 'प्रतिजैविकांना नैसर्गिक पर्याय' हा मथळा. बशीतल्या निकालावरून औषध ठरत नाही. असली तेले न मिसळता लावली तर त्वचेची आग होते, आणि कापूर किंवा निलगिरीचे तेल पोटात गेल्याने लहान मुलांना झटके आल्याची उदाहरणे वैद्यकात नोंदलेली आहेत. पुढच्या अंकात, त्याच पानावर, तेवढ्याच ठळक अक्षरांत एवढे छापावे: ही तेले पोटात घेऊ नयेत, आणि संसर्ग असेल तर डॉक्टरांनी दिलेले औषध बंद करू नये.

आपली,
सूक्ष्मजीवशास्त्राची निवृत्त शिक्षिका, धुळे