लाडू जेवत नाही

फ्रिस्को, टेक्सास
2 डिसेंबर

प्रिय सुऱ्या,

स. न. वि. वि. वगैरे. माझी साखर आहे तिथेच आहे, पॅकिंगच्या नादात रेखाची पाठ धरली होती ती सुटली. आता मुद्दा. लाडू जेवत नाही.

हे इथे सांगू कुणाला? ऑफिसात बोललो तर उद्यापासून माझ्या डब्याला कुणी हात लावणार नाही. मंडळाच्या लोकांना घरात साप आहे हेच माहीत नाही. वास्तुशांतीला आले, चादर टाकलेल्या पेटीला टेकून प्रसाद खाऊन गेले.

चिन्मय कॉलेजला गेला आणि हे ध्यान आमच्या गळ्यात पडलं. बॉल पायथन, म्हणजे अजगराची छोटी, बिनविषारी जात, चार फुटी. पंचवीस-तीस वर्षंही जगतात म्हणे, म्हणजे मृत्युपत्रात नाव घालावं लागणार. न्यू जर्सीतलं एडिसन सोडायचं ठरलं तेव्हा पहिला प्रश्न ह्याचाच. सामानवाले जिवंत प्राणी नेत नाहीत, विमानात शेजारी घेऊन बसता येत नाही, आणि पोस्टाच्या नियमांत साप पाठवायला चक्क बंदी लिहिलेली आहे, म्हणजे कुणीतरी पाठवून बघितला असणार! राहिली गाडी. दीड हजार मैल. वाटेतल्या राज्यांचे कायदे बघितले, ही जात कुठे अडत नाही. जॉर्जिया वाटेत नव्हतं, पण तिथली गंमत ऐक: तिथला देशी बिनविषारी साप पाळणं गुन्हा, हा परदेशी चालतो. हसू नकोस, आपल्याकडे 1972 चा वन्यजीव कायदा होता तरी जखमी धामण कणगीत कुणी ठेवली होती?

निघायच्या आधी दहा दिवस उपास. पोटात उंदीर असताना हलवला तर ओकतो, आणि ओकला की पुढे दोन आठवडे काही देता येत नाही. उशीचा अभ्रा उलटा केला, शिवणीचे दोरे अंगाला अडकू नयेत म्हणून, आणि तू सापाच्या पिशवीला मारतोस ती तुझी गाठ मारली. तोंड पिळायचं, दुमडायचं, मग बांधायचं, उचलताना गाठीच्या वर धरायचं. हात विसरले नव्हते रे! अभ्रा भोकं पाडलेल्या डब्यात, डबा मागच्या सीटवर पट्ट्याने बांधलेला. बाहेर व्हर्जिनियाची थंडी आणि आत साहेबांसाठी 78 वर हीटर, म्हणजे तुमचे पंचवीस-सव्वीस. आम्ही दोघं स्वेटर काढून.

नॉक्सव्हिलला मोटेलच्या दारात रेखा म्हणाली, "तो आत येणार असेल तर मी गाडीत झोपते." रात्री जाग आली तर बाईसाहेब डबा खिडकीच्या गार झोतातून काढून आपल्या बॅगेमागे सरकवत होत्या. विचारलं तर म्हणे, पायात येत होता.

इथे सोफ्याच्या आधी पेटी लावली. एका टोकाला 90, दुसऱ्याला 78, दोन्हीकडे लपायला जागा. आठवडाभर हात लावला नाही. मग उंदीर काढला. (फ्रीजरमध्ये खोवलेल्या नारळाच्या शेजारी असतात, वर रेखाच्या अक्षरात "चिन्मयचे".) रात्रभर फ्रीजमध्ये, मग गरम पाण्यात, डोकं जरा जास्त गरम, आणि लांब चिमट्यात धरून समोर हलवला. जीभ आत-बाहेर झाली, मानेचा वाक घट्ट झाला, मला वाटलं आता झडप घालतोय. तर तोंड फिरवून खोक्यात गेला. वितळलेला पुन्हा गोठवायचा नसतो, गेला कचऱ्यात. पुढच्या वेळी तेच, आणि काल परत तेच.

आता तू म्हणणार, "साप धरला की जवळच सोडायचा, लांब नेला की भांबावतो." गोठ्यातल्या सापावरून तात्यांसमोर आपली जुंपली होती तेव्हापासून तुझं हे पालुपद आहे. अरे, पण ते रानातल्या सापाचं! ह्याची हद्द म्हणजे ती काचेची पेटी. पेटी तीच, वाटी तीच, वास तोच. ह्याला कसं कळलं की आपण टेक्सासात आलो? डॉक्टरीण सांगते, थंडीत ही जात महिनोन्‌महिने तोंड लावत नाही, नर तर जास्तच; वजन दहा टक्के उतरलं तर आणा. आठवड्याला काट्यावर ठेवतो, 1360 ग्रॅमचा 1345 झालाय. काही नाही, मला कळतं. पण आपल्या घरात कुणी पानावरून उपाशी उठलं तर आई दिवसभर काय करायची ते तू पाहिलंयस. माझं तसंच चाललंय. चिन्मयचा रोज मेसेज, "जेवला का?" बापाबद्दल आजवर विचारलं नाही कार्ट्याने.

मुलीचं ठरलं वाचून फार आनंद झाला, तारीख लवकर कळव, तिकिटं काढायची आहेत. गुडघा दाखव. अवकाळीत बाग वाचली का?

आणि हे आधी लिही: कणगीतली ती धामण शेवटी किती दिवसांनी खाऊ लागली? वर गोणपाट टाकून अंधार केला होतास, की उघडीच होती? फोन केलास तरी चालेल, फक्त तुमच्या सकाळी कर.

आईकडे गेलास तर ह्यातलं काही बोलू नकोस. तिला आम्ही मासे पाळलेत असं सांगितलंय.

तुझा,
बाळ्या